दोना इनेसच्या बाह्या

“डावी बाही उसवा आणि उजवीसारखी करून द्या,” सातपुते सर म्हणाले. “प्रयोगाला अजून वेळ आहे. होईल ना?”

सांगलीच्या नाट्यगृहातला रंगपट होता, भर दुपार होती. संध्याकाळी स्पर्धेत आमच्या इचलकरंजीच्या हौशी मंडळाचं नाटक होतं आणि टेबलावर गाऊनचा घेर पसरून मी त्यावर शेवटची इस्त्री फिरवत होते. इस्त्री हातात तशीच धरून मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते गाऊनकडे बघत होते.

“उजवीसारखी कशापायी?” मी विचारलं. “नलीचा डावा हात कसा हाय ते ठावं हाय की तुम्हाला.”

“नलिनीचं नाही हो. वर्षावहिनींचे दोन्ही हात सारखेच आहेत.”

“मग?”

“दोना इनेसची भूमिका आज वर्षावहिनी करतील.”

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या वेळी राग लगेच आला नाही. आधी ते नीट कळलंच नाही. इस्त्रीखालचं कापड करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले आणि इस्त्री उभी केली.

नली म्हणजे माझ्या भावाची मुलगी नलिनी. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा हात खांद्यापासून वाळत गेला. बोटं हलायची, थोडंफार धरायचीही, पण हात उचलायचा तर उजव्या हातानं उचलावा लागे. मी सासर सोडून भावाकडे आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिचे सगळे कपडे मी शिवले. फ्रॉक असो की ब्लाउज, बाही कायम मनगटापर्यंत, आणि डाव्या बाहीच्या आत कापसाचा पातळ थर. दोन्ही हात सारखे दिसायचे. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वर्षभर पत्ता लागत नसे. मला त्याचा अभिमान होता.

देवानं हातातून काढून घेतलं ते तिच्या गळ्यात घातलं होतं. सातपुते सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मंडळासाठी नाटकं लिहून बसवायचे. या खेपेला त्यांनी लिहिलं होतं एका पोर्तुगीज किल्लेदाराच्या विधवेवर. किल्ला पडलाय, नवरा मेलाय, मराठ्यांचा सरदार तहाचे कागद घेऊन समोर उभा आहे, आणि ही बाई, दोना इनेस, किल्ल्या द्यायच्या आधी त्याला चार शब्द सुनावते. वाचनाच्या दिवशी ते चार शब्द नलीनं वाचले आणि खोलीतल्या पुरुषांनी विड्या विझवल्या. दुसऱ्या दिवशी सर स्वतः आमच्या घरी आले.

“पोरेबाई,” मला म्हणाले, “त्या काळच्या बायकांच्या बाह्या केवढ्याल्या असायच्या. हात असा दिसायचाच नाही. तेवढं तुम्ही सांभाळा. बाकी मी बघतो.”

मग मी सांभाळलं. असं सांभाळलं की आजही त्या बाह्यांचं नाव काढलं तर माझी बोटं शिवशिवतात. गाऊनचं कापड मगदूम मालकांच्या मागावरचं होतं. मालकांचं सुताला खळ लावायचं सायझिंग होतं, माग होते आणि मंडळाचा सगळा खर्च तेच करायचे. बाह्यांचं कापड मात्र मी माझं घातलं. निळी मखमल, आत पांढरं साटन. खांद्यापासून कोपरापर्यंत एकाखाली एक तीन फुगे, फुग्यांमधे जरीच्या पट्ट्या, आणि कोपराखाली झालरीचे थर, हात हलला की पाण्यासारखे हलणारे. एका जुन्या कॅलेंडरवर कुठल्याशा राणीचं चित्र होतं, ते भिंतीला लावून मी कापलं.

उजवी बाही कुणीही शिवली असती. खरी कारागिरी डावीत होती. तिच्या आत कॅनव्हासची कडक नळी होती, नळीभोवती कापूस, आणि नळी अगदी नलीच्या हाताच्या मापाची, निरुंद. कोपरात मी तिला बाक दिला. आतून एक बंद काढून तो कमरेशी अडकवला, म्हणजे हात आपोआप पोटाशी येऊन राहायचा, आणि त्या हाताच्या बोटांत रिबिनीनं बांधलेला पंखा. खांदा जरा उडवला की पंखा हलायचा. नली आरशासमोर बसून खांद्यानं पंखा हलवायला शिकली. बघणाऱ्याला वाटे, काय नखरा आहे बाईचा!

आणि रंगीत तालमीच्या दिवशी तेच झालं. नली पंखा हलवत आली आणि मगदूम मालक खुर्चीतून उठून म्हणाले, “आरं तिच्या! काय त्या बाह्या, काय तो डौल!” त्यांची सून वर्षा नाटकात दासीचं काम करत होती. तिनं माझ्या बाह्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मला असं काहीतरी मिळायला हवं होतं.” मी हसले होते. मूर्खासारखी हसले होते.

आता सर सांगत होते, गेला आठवडाभर वर्षावहिनींची तालीम मालकांच्या बंगल्यावर चालू होती. रोज. आमच्या नलीला शाळेच्या हॉलमधे शिकवून सर तिथून सरळ तिकडे जात होते.

“समजून घ्या पोरेबाई. मालकांच्या शब्दाबाहेर मला जाता येत नाही. शिवाय परीक्षक पुढच्याच रांगेत असतात. एखाद्याच्या लक्षात आलं तर?”

“एवढे दिस न्हाई आलं ते ध्यानात?”

“नलिनीची काही तक्रार नाही. विचारा तिला.”

नली कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर बसली होती. मांडीवर नाटकाची वही उघडी. मला वाटलं होतं ती भाषणं घोकतेय.

“तुला ठाऊक हाय?” मी विचारलं.

“येताना बसमधे सांगितलं सरांनी.”

“आन् तू?”

“मी प्रॉम्प्टिंग करणार आहे.”

म्हणजे विंगेत अंधारात उभं राहायचं, आणि वर्षाबाई अडखळल्या की ज्या वाक्यांवर हिनं जीव टाकला ती वाक्यं हळू आवाजात तिला पुरवायची. तेव्हा मात्र मला राग आला. पायाच्या अंगठ्यापासून वर चढत आला. मी सरांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. चित्रकलेच्या मास्तरला रंग बदलायला किती वेळ लागतो असं काहीसं म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर म्हणाले की तुमच्यापेक्षा बाजारातला दलाल बरा, तो निदान दर आधी सांगतो. रंगपटातली माणसं एकेक करून बाहेर सटकली. सरदाराचं काम करणारे बँकेतले कुडचे अर्धी मिशी लावलेली तशीच घेऊन पळाले.

सर लाल झाले, पण आवाज चढवला नाही. अशा माणसांचा मला जास्त संताप येतो.

“वहिनी,” त्यांनी हाक मारली, “एकदा घालून बघा. कुठं सैल करायचं ते कळेल.”

वर्षा आली. गोरी, भरल्या अंगाची, चेहऱ्याला रंग लावून तयार. ती माझ्याकडे न बघता गाऊनमधे शिरली. उजवा हात सुळकन गेला. डावा पहिल्या फुग्यापर्यंत गेला, दुसऱ्यापर्यंत रेटला आणि कोपराशी कॅनव्हासच्या नळीत जो अडकला तो ना पुढे ना मागे.

“आई गं! पोरेकाकू, काढा की!”

मी हाताची घडी घालून उभी होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

सरांनी बाही ओढली. मग वर्षाला ओढलं. शेवटी कसाबसा हात सुटला आणि त्याबरोबर आतल्या कापसाचा एक पुंजका बाहेर येऊन जमिनीवर पडला. सरांनी तो पायानं बाजूला सारला. मग माझ्या डब्यातलं ब्लेड उचललं.

“तुम्हाला जमत नसेल तर द्या, मीच उसवतो,” असं म्हणत त्यांनी ब्लेडचं टोक डाव्या बाहीच्या मुंढ्यात, खांद्याच्या शिवणीत घातलं.

मी त्यांचं मनगट धरलं. पाय-मशीन चालवलेल्या बाईच्या हातात काय जोर असतो ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

“हात लावायचा न्हाई,” मी म्हणाले. “गाऊन मालकांचा हाय. बाह्या माज्या हायत. उसवायच्या तर मी उसवीन.”

“तेच तर म्हणतोय मी.”

“व्हय. ऱ्हावा गप हितं.”

वर्षानं गाऊन काढून दिला. मी तो टेबलावर उलटा टाकला आणि ब्लेडनं डाव्या मुंढ्याचे टाके सरसर कापत गेले. बाही सुटली. सर म्हणाले, “बास, बास, आता तेवढी मापाला—” पण मी थांबले नाही. उजवीही उसवली. दोन्ही बाह्यांची घडी घातली, माझ्या पिशवीत कोंबल्या आणि पिशवी काखेत मारली.

“घ्या तुमचा गाऊन.”

“अहो पोरेबाई, हे काय! संध्याकाळी प्रयोग आहे!”

“करा की. कोन नको म्हनतंय?”

तेवढ्यात मगदूम मालक आत आले. प्रयोगाआधी रंगदेवतेची पूजा करून नारळ फोडायचा मान त्यांचा असे. हातात नारळ, मागे ड्रायव्हर हार घेऊन. त्यांनी आधी सुनेकडे बघितलं, मग टेबलावरच्या गाऊनकडे.

“ह्याच्या बाह्या कुठं गेल्या?”

“माज्याजवळ हायत,” मी म्हणाले. “आन् ऱ्हानार हायत.”

“मग आमच्या सूनबाईनं घालायचं काय?”

“हेच. पोर्तुगिजांच्या बायका घालायच्या म्हनं बिनबाह्यांचं. सरांनी अभ्यास केलाय.”

मालकांनी गाऊन दोन बोटांनी उचलून धरला. मुंढे हे एवढे मोठे, फुग्यांची बाही बसावी म्हणून खोल कापलेले. बाहीशिवाय त्यातून खांदा दिसणार, काखही दिसणार. त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली.

“मगदुमाची सून? असली? चारचौघांत, स्टेजवर? अजाबात न्हाई.”

“मामंजी, वरून शाल घेते की,” वर्षा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

“शाल सरकली म्हंजे? उद्या मागावर कामगार काय बोलतील? पावनं काय म्हनतील? चल, दासीचं लुगडं नेस. तेवढं बास झालं.”

“मालक,” सर हात जोडून म्हणाले, “आयत्या वेळी दुसरी कोण आणू? प्रयोग रद्द झाला तर पुन्हा स्पर्धेत घेणार नाहीत आपल्याला.”

“दुसरी कशाला? ती पोरगी हाय की.” मालकांनी नारळानंच नलीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. “आधी तीच करत हुती न्हवं? घाला तिला. तिला कोन नावं ठेवनार हाय?”

ते नारळ घेऊन पूजेला निघून गेले. वर्षा भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. तिनंही आठवडाभर घोकलं होतं, पण तेव्हा मला तिची काडीचीही कीव आली नाही. मला ते शेवटचं वाक्य झोंबत होतं. तिला कोण नावं ठेवणार आहे! म्हणजे आमच्या पोरीचा खांदा दिसला काय आणि नाही काय, सारखंच. पण काम आमच्या पोरीकडे परत आलं होतं, म्हणून मी दात ओठ खात सुईत दोरा ओवला.

“पोरेबाई,” सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “झालं गेलं विसरा. तुमच्याच मनासारखं झालं. पटकन टाका घाला, नलिनीला तयार करू.”

“घालतेच हाय. तुमच्यासाठी न्हवं.” मी पिशवीतून बाह्या काढल्या. “नले, ये हिकडं. घाल गाऊन, अंगावरच टाचते.”

नली पेटीवरून उठली. वही तिनं मिटून ठेवली.

“गाऊन घालते,” ती म्हणाली. “बाह्या नकोत.”

“काय?”

“बाह्या नकोत आत्या. तू मुंढे तेवढे आत दुमडून हेम घाल. धागे लोंबताहेत.”

मला वाटलं पोरगी रुसली. अपमान झालाय, रुसणारच. मी समजुतीनं बोलले, आणि समजुतीनं बोलणं मला फार वेळ जमत नाही. “खुळ्यागत करू नगंस. तो हात घेऊन जानार हायस लोकांच्या म्होरं?”

“तोच आहे माझ्याकडे.”

“अगं, लोकं बघतील!”

“नाटक बघायलाच येतात की लोक.”

सर पुढे झाले. “नलिनी, हट्ट करू नकोस. दोना इनेस किल्लेदाराची बायको आहे. अशी कशी दाखवायची?”

“का? त्यांच्यात आजार होत नव्हते का?” ती म्हणाली. “नसेल चालत तर वर्षावहिनींना शाल देऊन उभं करा. मी विंगेत उभी राहते.”

सर दोन पावलं मागे सरले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्यांच्याहून जास्त भडकले होते.

“ह्या बाह्या तुज्यासाठी डोळं फोडून शिवल्यात मी!” मी ओरडले. “तुज्यासाठी भांडले, आईबापावरनं शिव्या घालायच्या तेवढ्या ठेवल्या. आन् तू आता—”

“तुला कुणी सांगितलं होतं शिवायला?”

“मास्तरानं! तुला काम मिळावं म्हनून!”

“मला विचारलंस का?” नलीचा आवाज वाढला नव्हता. वाचनाच्या दिवशी होता तसाच होता, खोलीभर जाणारा. “सहा वर्षांची होते तेव्हापासून बाहीत कापूस भरतेस. उन्हाळ्यात घाम येतो, खाज सुटते, पुरळ उठतो. एकदा तरी म्हणालीस का, नले, तुला हवाय का कापूस?”

मला तेव्हा तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आजही ते वाक्य आठवलं की आधी मला रागच येतो. सबंध गल्लीत त्या पोरीला कुणी लुळी म्हणू नये म्हणून मी जे केलं ते तिनं पुरळ म्हणून मोजलं!

“मग ह्याचं काय करू मी?” मी मखमल तिच्यासमोर नाचवली.

“उशांना अभ्रे कर,” ती म्हणाली.

मी मुंढे दुमडले. हेम घातली. इतक्या जोरात दोरा ओढत होते की दोनदा तुटला. तिला गाऊन चढवला, पाठीची बटणं लावली. सर दाराशी उभे राहून कपाळ चोळत होते. दुसरा इलाज त्यांच्याकडे नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि तिलाही. बाह्यांची पिशवी काखेत घेऊन मी विंगेत जाऊन उभी राहिले.

पडदा उघडला. नली प्रकाशात आली आणि पहिल्या रांगांत चुळबुळ झाली. दोन्ही खांदे उघडे. उजवा हात भरलेला, डावा वाळक्या फांदीसारखा, कापसाविना, झालरीविना, पंख्याविना, लोंबकळत. कुणीतरी बाई “अगं बाई गं” म्हणाली ते मला विंगेत ऐकू आलं. मला वाटलं, पुढे जाऊन त्या सगळ्यांचे डोळे हातानं झाकावेत. मग नली बोलायला लागली आणि चुळबुळ थांबली. तरी मी त्या हातावरून नजर हटवू शकत नव्हते. इतकी वर्षं तो मापाच्या फितीत घेतला होता, असा लांबून कधी बघितलाच नव्हता.

शेवटचा प्रवेश किल्ल्यांचा. तालमीत ती उजव्या हातानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, “घ्या,” आणि कुडचे तो उचलायचे. तिनं जुडगा ठेवला. मग उजव्या हातानं स्वतःचा डावा हात मनगटाशी धरून उचलला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, आणि आणून त्या किल्ल्यांवर ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली.

कुडच्यांचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. त्यांना तो हात बाजूला सारता येईना. सरदाराला नाही आणि बँकेतल्या कुडच्यांनाही नाही. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि बऱ्याच वेळानं कुडच्यांनी मान खाली घातली, तेव्हा पडदा पडला. सरांच्या संहितेत सरदार मान खाली घालत नाही.

प्रयोग संपल्यावर रंगपटात ही गर्दी झाली. मालक वाटेल त्याला सांगत होते की गाऊनचं कापड आमच्या मागावरचं आहे. एक बातमीदार वही-पेन घेऊन सरांना गाठून उभा होता, आणि सर, ज्यांनी दुपारी त्या बाहीत ब्लेड घातलं होतं ते सर, डोळे अर्धे मिटून बोलत होते.

“तो हात म्हणजे खचलेल्या सत्तेचं प्रतीक आहे. नाटक लिहितानाच ही प्रतिमा माझ्या मनात होती. म्हणून बाह्या मी मुद्दाम काढायला लावल्या.”

माझ्या हातात तेव्हा सुई होती. ती त्यांना टोचायला मी निघालेच होते, देवाशपथ. पण नली माझ्या आधी वळली. ती आरशासमोर बसून ओल्या फडक्यानं चेहऱ्याचा रंग पुसत होती, अर्धा चेहरा दोना इनेसचा, अर्धा आमच्या नलीचा.

“प्रतीक नाही हो,” ती बातमीदाराला म्हणाली, “पोलिओ आहे. आणि बाह्या काढल्या त्या माझ्या आत्यानं. तिचं नाव लिहून घ्या. अनसूया पोरे.”